ही बाजू वर

बान्युवांगीच्या शेडमध्ये, रात्री दोनला,
मुर्सिना पोवळ्याचा तुकडा
थर्माकोलच्या चकतीला रबरबँडने बांधते,
पिशवीत उलटा तरंगवते.
प्लास्टिकला घासला तर सोलवटतो, म्हणते,
तान्ह्या पोरागत.
दोन वाट्या समुद्र. बाकी सगळा प्राणवायू.
गाठ. परत गाठ. वर्तमानपत्र.

खोक्यावर बाण काढते : ही बाजू वर.
आत सगळेच खाली डोकं वर पाय,
तिचं तिलाच हसू येतं.

छत्तीस तास. दोहाला रखडलं तर कोण जाणे.
तिकडे डुलुथच्या बर्फात कुणी हाल्व्होर्सन
दारातच पिशवी फोडून
आधी वास घेईल.

नळाखाली हात. मीठ जात नाही.
थोरला तैवानच्या बोटीवर गेला
तेव्हा त्याच्या पेटीवर तिने
नुसतं नाव लिहिलं होतं.