काट्याच्या खोलीत, पारोळा

कापसाचा ओलावा मोजायचं यंत्र
चार दिवस टेबलावर नुसतं जागं होतं.
हिरवा दिवा लागायचा,
पण जिनिंगच्या त्या जुन्या संगणकाला
ते कुठेच सापडत नव्हतं.
वीज होती, तार होती, नाव नव्हतं.
हिलाल अप्पा मुनीम म्हणाले,
"नाव नही, ते आवक नही."

पौषातली रात्र. पत्र्यावरून उतरणारी थंडी.
बाहेर सरकीच्या ढिगावर दोन कुत्री,
आणि मी ड्रायव्हर लिहीत बसलेली.
शेकोटीजवळचे ट्रॅक्टरवाले हसले,
"तू बी डायवर शे का वं?"

सांगायला सोपं आहे.
वस्तू खोचली की ती दोन आकडे सांगते:
कोणी घडवली, काय म्हणून घडवली.
कर्नेल यादी चाळून माझ्यापाशी थांबतो,
ही तुझी का?
हो म्हणायचं.
मग तिच्यासाठी मेमरीत जागा काढायची,
एक कुलूप, आणि एक मोजणी,
किती जण धरून आहेत त्याची.
नोंदणी सगळ्यांत शेवटी.
तेव्हा नंबर मिळतो, घराणं एकशे ऐंशी,
त्यातला एकशे ब्याण्णव,
आणि एका फोल्डरात नाव उमटतं.
फोल्डरचं नाव तीन इंग्रजी अक्षरं.
अप्पांनी चष्मा पुसून वाचलं, "देव."
मी दुरुस्त केलं नाही.

घाईत मी नोंदणी आधी केली, जागा नंतर.
मधल्या फटीत, पापणी लवायच्या आत,
मोजणाऱ्या प्रोग्रामने नाव पाहिलं
आणि दार उघडलं.
आत काहीच नव्हतं.
काळा पडदा, पांढऱ्या ओळी, मग तेही नाही.
अप्पा वहीतून मान न उचलता,
"खाट टाकाना पहिले
पाव्हनाले हाक मारी का तू?"
दोन ओळींची अदलाबदल केली.
साडेअकरा वाजले होते.

भिंतीवर खुंट्या, खुंट्यांवर पितळी बिल्ले.
गाडी आत आली की बिल्ला देतात,
हिशोब झाला की परत टांगतात.
गाडी रिकामी होऊन फाटकाबाहेर गेली
तरी मालक चिठ्ठीच्या खिडकीशी असेतोवर
अप्पा तो नंबर दुसऱ्याला देत नाहीत.
हे समजायला मला दोन वर्षं लागली होती,
तीही पगार घेऊन.

बाराला भटू चहाची किटली घेऊन आला
आणि त्याचा पाय केबलमध्ये गुंतला.
यंत्र टेबलावरून गेलं,
नशिबाने कापसाच्या पोत्यावर.
प्रोग्राम अजून वाचत होता.
मी श्वास धरला.
फोल्डरातलं नाव पुसलं गेलं,
नवं कोणी आता आत येणार नाही.
पण आत जो आहे
त्याच्या पायाखालची फरशी काढायची नसते.
त्याला एवढंच सांगायचं: वस्तू गेली.
त्याने ऐकलं, दार लावून घेतलं.
मोजणी शून्य.
तेव्हा कुठे जागा मोकळी झाली.
भटू म्हणत होता, "तुटनं का? तुटनं का?"
मी त्याच्या हातचा चहा घेतला.

सतरा नंबरची खुंटी रिकामी होती.
"हा कोणाकडे?"
"सुकलालकडे. काटा बघायचा.
आषाढात सुरतेला गेला, बिल्ला खिशातच राहिला."
"मग नवा करून घ्या की, पितळ केवढं लागतं!"
अप्पांनी वही मिटली.
"त्याना डबा आठेच शे आजून."

मी यंत्र पुन्हा खोचलं.
एकशे ब्याण्णव. तोच नंबर, मोकळा होता म्हणून.
पहिली मूठ कापूस: साडेआठ टक्के ओल.
अप्पांनी तारीख घालून लिहून घेतलं.
कपाटावर स्टीलचा डबा होता,
झाकणावर खिळ्याने कोरलेलं,
सुकलाल झिपरू, काटा.