सूचना व हरकती : अर्ज क्रमांक एकेचाळीस

अध्यक्ष महाराज, मला तीन मिनिटं दिलीत,
त्यातलं अर्धं माईक चालू होण्यात गेलं.
मी पुरुषोत्तम इंदापूरकर, राहणार दौलतगंज, लष्कर, ग्वाल्हेर.
एकतीस वर्षं महालेखाकारांच्या कचेरीत
दुसऱ्यांच्या बेरजा तपासल्या.
आता निवृत्त आहे. लाल पेन्सिल अजून खिशात असते.

भिंतीवरचा तुमचा नकाशा पाहिला.
सुंदर आहे. उंच खांब, खांबांवर निळी गाडी,
खाली झाडं,
झाडांखाली एकही माणूस नाही.
खर्च पान बासष्टवर आहे.
शून्यं मी बोट ठेवून मोजली, दोनदा,
पहिल्यांदा वाटलं, शाई फुटली असेल.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
इथे अंथरूण कर्जाचं,
आणि पाय अजून जन्मायच्या पोरांचे.

एवढ्या पैशात तुमची गाडी
स्टेशनवरून निघून बाड्यावर थांबते. पुढचं 'दुसऱ्या टप्प्यात'.
दुसरा टप्पा म्हणजे काय, ते ऑडिटवाल्याला नका सांगू.
त्याच पैशात जमिनीवरून, रस्त्याच्या मधोमध,
दोन डब्यांची हलकी गाडी
मुरारहून निघते, ठाठीपूर घेते, पडाव घेते,
बाड्याला वळसा घालून कंपूला पोचते,
आणि एक फाटा हजीऱ्यावरून बिर्लानगरला जाऊनही
दुरुस्तीला चार पैसे उरतात.
हिशेब सोबत जोडला आहे. चुकला असेल तर दाखवा,
मला आनंदच होईल, बरेच दिवसांत कुणी माझी चूक काढलेली नाही.

फागुनात महिनाभर मी पडावच्या चौकात वही घेऊन बसलो.
एका टेम्पोत सरासरी नऊ माणसं,
त्यातली सहा तीन किलोमीटरच्या आत उतरतात.
एवढ्यासाठी आभाळात कोण चढेल?
बासष्ट पायऱ्या! सरकता जिना बंद असेल,
'गैरसोयीबद्दल क्षमस्व' ही पाटी मात्र लखलखत असेल.
आपल्या किल्ल्याला हत्तींसाठी दरवाजा आहे, महाराज,
पण आम्ही सगळे त्यातून पायीच वर गेलो.

हलकी गाडी ह्या गावाला नवी नाही.
दोन फुटांचा रूळ होता.
घोसीपुऱ्याजवळ माझा काका पहिल्या डब्यातून उतरायचा,
विडी पेटवायचा,
आणि मागून येणाऱ्या शेवटच्या डब्यात चढायचा.
हसा तुम्ही. मीही हसतो.
ती परत मागायला आलो नाही मी,
उशिराला मी आठवण म्हणत नाही, उशीरच म्हणतो.
एवढंच म्हणतो, की तिच्यात चढायला
फक्त पाय उचलावा लागे.

*

घंटा वाजली.
साहेब म्हणाले, लेखी द्या. लेखी दिलं. शिक्का बसला, अर्धा कागदावर,
अर्धा टेबलावर.

बाहेर हल्के कुशवाहचा टेम्पो भरत होता.
मी दहावा.
रामकटोरीनं मोतीझीलची भाजी विकून रिकामी झालेली टोपली
निम्मी स्वतःच्या, निम्मी माझ्या मांडीवर ठेवली.
"बाबूजी, का भओ?"
सगळं सांगितलं. रूळ, खर्च, फाटा, पायऱ्या.
ती ऐकत राहिली, इंदरगंजपर्यंत.
मग म्हणाली,
"बा गाड़ी में डलिया चढ़न देंगे?"

चौदा पानं. तीन तक्ते. एक आलेख.
टोपली कुठेच नव्हती.

पोचपावती काढली, मांडीवर टोपलीच्या काठाला टेकवली.
टेम्पो खड्ड्यातून उसळत होता,
अक्षर वेडंवाकडं येत होतं,
लाल पेन्सिलीनं लिहिलं:
दुरुस्ती, अर्ज क्रमांक एकेचाळीस.
दाराची रुंदी, टोपली धरून.

"केवढी असते गं भरलेली?"
तिनं दोन्ही हात पसरले.
हल्केला आरसा दिसेना, तो ओरडला.