आटणी

शाहूपुरीत, गुळाच्या वखारीमागं
एकोणीस वर्षं उभी होती.
टोयोटा कोरोला, चौऱ्याहत्तरची,
मुंबईत कुठल्याशा वकिलातीनं लिलावात काढलेली,
तिथून हात बदलत बदलत इथवर.
आरसे दाराला नाहीत, पुढं मडगार्डावर,
गोगलगायीच्या शिंगांसारखे.

अडत्या म्हणाला, भंगाराच्या दरानं ने,
पण वजन आपल्या काट्यावर.
त्या काट्यावरचा तोलार मीच, तीस वर्षं.
सातशे ऐंशी किलो भरली,
त्यात किलोभर तरी मुंग्या.

थट्टा नाही. डॅशबोर्डमागून निघून
मीटरच्या काचेआड
साठ आणि ऐंशीच्या मधून
काळी रांग चालली होती,
कुणालाही घाई नसलेली.

आक्काताई म्हणाली,
पोरीच्या लग्नात एवढा हात सैल सोडला नव्हता.
खरं होतं. मी ब्रेकचे नट
रॉकेलमध्ये भिजत घातले.

थर्मोस्टॅटची टोपी पाण्यानं खाल्लेली,
करंगळी आरपार.
पुण्याला विचारलं, मुंबईला विचारलं,
सगळीकडून एकच हसणं.
मग उद्यमनगरात, दस्तगीर मुजावरांकडं.
ऑइल इंजिनांच्या काळापासून
सागवानात पॅटर्न कोरणारा माणूस.
त्यांनी तुकडा नाकाशी धरला.
"गूळ खाती व्हय रं ही?"
मग पट्टी काढली.
त्या पट्टीवरचा फूट
आपल्या फुटाहून सव्वा सूत मोठा.
थंड होताना धातू अंग चोरतो, म्हणाले,
त्याच्या लाजेपुरती जागा
आधीच सोडून ठेवायची.

मला वाटायचं, आटणं फक्त आम्हाला ठाऊक.
काहिलभर रस, आणि हाती येतात
मोजके रवे.

टोपीवर एक अक्षर उठलेलं होतं,
कौलारू खोपटात कुणी उभं असावं तसं.
तेही उलटं कोरलं त्यांनी, सुलट उठावं म्हणून.
"काय लिहिलंय?"
ठाऊक नाही, चाचा.
"मग चुकलं तर कुणाला कळणार?"
तुम्हाला.
त्यांनी चष्मा पुसला
आणि ते अक्षर पुन्हा कोरायला घेतलं.

डिस्ट्रिब्युटर उघडला त्या दिवशी मात्र बिनसलं.
दांड्याखाली गनमेटलचा बुश,
तेलाची चर हातानं काढलेली,
केसभरही इकडंतिकडं नाही.
चाचांनी भिंग लावलं, बराच वेळ बोलले नाहीत.
"हे जपानचं नव्हं. हे आपल्यातलं काम.
पर माझं न्हाई."
आठवडाभर विचारत हिंडले,
लेथवाल्यांना, त्यांच्या पोरांना,
एका मयताला गेले तर तिथंही.
कुणीच सांगेना.
असलं काम करून माणूस नाव न सांगता जातो,
याचा त्यांना राग आला होता.
बुश मी बदलला नाही.

आषाढात एकदा वाघबीळपर्यंत नेली.
चढावर काटा मधोमध, तिथंच थांबला.
उसाच्या ट्रॉलीवाला बाजू देताना ओरडला,
"आरसं उलटं बशिवल्यात की मालक!"
काच धुकटली म्हणून हीटर लावला
तर गाडीभर काकवीचा वास.
चाचा मागच्या सीटवर,
बॉनेटखालचा आवाज ऐकत,
कान देऊन, डोळे मिटून.
पन्हाळ्याकडं त्यांनी बघितलंच नाही.

अजून गळते. कुठून ते सापडत नाही.
रात्री खाली पुठ्ठा सरकवतो,
सकाळी ठिपके मोजून शेजारी तारीख घालतो.
सोमवारी अकरा, काल सात.
आज चार होते,
आणि एकापाशी
मुंगी.