आवाज कसा होता

रबाळ्याच्या प्लँटमध्ये रात्रपाळीला पंप बसला,
त्यावर सकाळी मी पोस्ट लिहिली:
संकटातून शिकलेले पाच धडे.
धडे खरे दोनच होते. पाच बरे दिसतात.
सोबत हेल्मेटमधला फोटो, जुना, त्यात मी बारीक आहे.

दुपारपर्यंत तीनशे बारा अंगठे.
प्रेरणादायी. अतिशय प्रेरणादायी. अभिमान वाटतो मॅडम.
पुण्याच्या एका गृहस्थांनी तर हातच जोडले,
पंपाला की मला, कळलं नाही.
मी सगळ्यांना धन्यवाद वाटले
हळदीकुंकवाला वाण वाटतात तसे,
कुणाच्या हातात काय पडतंय हे न बघता.

मग एक प्रश्न आला.
हरेश्वर मढवी, पंप ऑपरेटर, निवृत्त.
फोटोच्या जागी राखाडी गोळा, ओळखी एकूण सात.

बंद पडायच्या आधी आवाज कसा होता

प्रश्नचिन्हसुद्धा नाही.
मी लिहिलं, धन्यवाद सर.
त्यांनी लिहिलं,
धन्यवाद नको आवाज सांगा

ऐरोली, सेक्टर आठ, रात्रीचा दीड.
घर झोपलेलं, एकटा फ्रीज जागा.
कंपनीच्या अहवालात मी 'असामान्य ध्वनी' लिहून
सही केली होती.
तो असामान्य ध्वनी आता ओट्याला टेकून शोधू लागले.
घरघर? नाही.
शिट्टी? तीही नाही.
आधी एक खोकला,
मग पत्र्याच्या डब्यात कुणी खडे हलवावेत तसा,
आणि मधे एकदा अगदी गप्प,
रडणारं मूल श्वास ओढून घेतं
तेवढा वेळ.

एवढं लिहिलं आणि तळहात ओले झाले.
अकरा वर्षांत माझ्या कामाबद्दल
इतकं आतलं कुणी विचारलं नव्हतं.

उत्तर पहाटे पाचला.
मग पंपाची चूक नाय
त्याला मागून पाणीच पुरत नव्हता
तरी तो पुढे ढकलत ऱ्हायला
सक्शन बघा

सक्शनच्या जाळीत काय सापडलं ते राहू दे.
त्यांचं बरोबर निघालं.
पोस्टमध्ये मात्र भर घातली नाही,
सहावा धडा कोण वाचतो.

मग मीही विचारू लागले.
ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एकाच कंपनीत एकतीस वर्षं,
आता तिथे काचेची इमारत,
तिच्या बाराव्या मजल्यावर माझी एक मैत्रीण बसते,
ओळखी कशा वाढवाव्यात याचे वर्ग घेते,
फी अधिक जीएसटी.
मढवींच्या ओळखी अजून सातच.
मी धरून आठ.

रविवारी घणसोली गावात गेले.
दारातूनच मोठ्याने म्हटलं, नमस्कार मढवीकाका.
ते नुसते हसले,
नातवाचा फोन वर धरला,
"लिही गो, लिही. कान कंपनीतच ऱ्हायले."

असं होतं तर.
उरणच्या एकाला बार्जचा,
तळोज्याच्या एका पोराला बॉयलरचा,
कुणाला नुसता जिन्यातल्या पावलांचा,
सगळ्यांकडे ते आवाज मागायचे
आणि आम्हाला वाटायचं, म्हातारा चौकशी फार करतो.

समोरासमोर बसलो, मधे चकल्यांची बशी.
मी त्याच खिडकीत लिहीत होते,
ते वाचून तोंडाने उत्तर देत होते,
जरा जास्तच मोठ्याने,
समोरच्या गच्चीवरची बाई वाकून बघून गेली.

आत सुनेने चहा ठेवला.
त्यांनी मान तिकडे वळवली.
"आता कसा येतो?"

'छान' लिहिलं. पुसलं.
'उकळतोय' लिहिलं. तेही पुसलं.
थांबा, लिहिलं,
ऐकते.