अर्धा इंच डावा

पुस्तक म्हणतं, आधी माणूस सरळ उभा करा.
नजर समोर, पावलं जुळलेली,
हात बाजूला, तळवे पुढे.
मगच बोला वर कुठे, खाली कुठे.

बाबा मशीनवरून मान न उचलता म्हणाले,
"असं कोणी उभं राहत नाही गं.
चाळीस वर्षांत एकच पाहिला तळवे पुढे केलेला,
तो उसने मागायला आला होता."

दौलतगंजात आमचं दुकान, सात बाय नऊ.
पतंगे टेलर्स, पाटीवरचा 'र्स' पुसलेला.
चिंध्यांच्या गाठोड्यावर बसून मी पाठ करते:
प्रॉक्झिमल, धडाजवळचं. डिस्टल, लांबचं.
मिडिअल, मधल्या रेषेकडे. लॅटरल, तिच्यापासून दूर.
बाबांकडे आधीपासून त्यांचे शब्द आहेत,
मुंढा, गळा, घेर, आसन.
मधली रेष ते कापड दुमडून
नखाने दाबून काढतात.

"क्लॅव्हिकल," मी म्हणते, "म्हणजे छोटी किल्ली."
"कशाची?"
पुस्तकात ते नाही.

ग्वाल्हेरची जानेवारी. बाहेर चार डिग्री,
बाड्याकडून येणाऱ्या टेंपोंचे दिवे धुक्यात बुडालेले,
आणि मी वाचतेय की आत मात्र सदतीसच.
ते कसे टिकतात, याची तीन पानं.
बाबा इस्त्रीकडे हनुवटी करतात:
तापली की लाल दिवा आपोआप विझतो,
निवली की लागतो.
तीन पानं संपली.

उजवं म्हणजे त्याचं उजवं, तुमचं नाही.
सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं
तरी निम्मा वर्ग चुकला.
मी नाही चुकले.
मी लहानपणापासून पाहत आले होते
गिऱ्हाइकासमोर उभा एक माणूस,
डावीकडे हात नेऊन
वहीत 'उजवा' लिहिणारा.

कंपूच्या कॉलेजात आमचं टेबल सहा नंबरचं.
चेहऱ्यावर ओला कपडा.
नाव कोणी सांगत नाही, आम्ही विचारत नाही.
हासळीवरून बोट नेताना खांद्यापाशी अडलं.
डाव्या. त्याच्या डाव्या.
कातडी जाड, पट्ट्याएवढी रुंद,
आणि खांदाच उतरता, जणू अजून
काहीतरी लटकतंय त्याला.
"व्हेरिएशन," सर म्हणाले
आणि सात नंबरकडे गेले.

रात्री शटर ओढताना विचारलं,
खांदा असा कशाने होतो, बाबा?
"झोळीने. तीस वर्षं एकाच बाजूला."
मग काय वाटलं कोण जाणे,
फळीवरून मापांची वही काढली,
तेलकट पुठ्ठ्याची, खालून तिसरी.
बिडवई, पोस्ट ऑफिस. खाकी, दोन जोड.
छाती छत्तीस, बाही तेवीस,
समासात बारीक: डावा अर्धा इंच, कापूस घालणे.
"त्याला कधी कळू दिलं नाही.
माझ्या शर्टात सरळ दिसायचा."
"आता कुठे असतात?"
"दोन वर्षं फिरकला नाही.
म्हणायचा, मेल्यावरही काहीतरी पोचवीनच."

वही मिटली.
धागा तोडल्यासारखा आवाज, तेवढाच.
मी काही बोलले नाही,
त्यांनी काही विचारलं नाही.

मग म्हणाले, उभी राहा, नव्या एप्रनचं माप राहिलंय.
"श्वास सोड. पूर्ण."
सोडला.
कितीही सोडा, फुफ्फुसांत लिटरभर उरतोच,
हे मला परवाच कळलंय.
टेप पाठीवरून आला, गारठलेला,
बाबांची बोटं आधी एका खांद्यावर थांबली,
मग दुसऱ्या, मग परत पहिल्या.
"तुझाही," ते म्हणाले, "उजवा. पाव इंच.
पुस्तकांची बॅग जरा
खांदा बदलून घेत जा."