खिळा न ठोकता

करारातलं कलम नववं:
भिंतीत खिळा ठोकायचा नाही.
चुनखडीचा दगड, पांढरा, इतका मऊ
की समुद्राच्या बाजूनं दीडशे वर्षं
वाराच त्यात नखं रुतवत आलाय.

किल्ल्या माझ्याकडे.
सात खोल्यांच्या सात, आठवी मुख्य दाराची. ती अडते.
दार जरा उचलून धरावं लागतं,
आजारी माणसाला कुशीवर वळवावं तसं.
हे मी प्रत्येकाला शिकवतो.
भाड्यात ते धरलेलं नाही.

इथे गहू असायचा.
वडील म्हणायचे, पोतं पाठीवर घेतलं
की माणूस जमिनीशी बोलायला लागतो.
पुढे ओआमारूच्या धक्क्यावर जहाजं येईनाशी झाली.
मग लोकर, मग ट्रॅक्टरचे सुटे भाग,
मग कबुतरं.
कबुतरांनी करार मागितला नाही.

पहिली आली एल्स्पेथ, पुस्तकं बांधणारी.
तिचं लोखंडी दाबयंत्र चौघांनी वर चढवलं
तेव्हा जिना जे बोलला
ते लिहिण्यासारखं नाही.
फळ्यांच्या फटींत तिला गव्हाचे दाणे सापडले.
हाडाच्या पट्टीनं एकेक उकरून
तिनं बाटलीत भरले, थोडे कुंडीत पेरले.
उगवले नाहीत. उगवणार नव्हतेच.
कुंडी खिडकीतच आहे,
ती पाणी घालते, सवयीनं.

तिच्या शेजारी रेवी, व्हायोलिनं दुरुस्त करतो.
आणि बरोब्बर त्याच्या खाली
मेलेआने, टोंगाची,
झाडाची साल कुटून कापड करणारी.
चौकोनी लाकडी मोगरी, आडवा ओंडका,
ठक् ठक् ठक्, सकाळी सातपासून.
व्हायोलिनच्या पोटात काडीएवढा एक टेकू असतो,
सगळा सूर त्याच्यावर उभा.
रेवी तो चिमट्यानं उभा करायचा,
खालून ठक् आलं की तो आडवा.
अकराव्यांदा पडला तेव्हा
त्यानं तिच्या दाराला तक्रारीची चिठ्ठी लावली.
सरसानं. सरस एल्स्पेथकडून उसना.

मी गेलो, जुडगा वाजवत, न्यायाधीश असल्यासारखा.
मेलेआने काही बोलली नाही.
मोगरी माझ्या हातात दिली. मार, म्हणाली.
मारली.

डबा घेऊन मी याच दाराशी उभा असायचो, सात वर्षांचा,
आणि वर कुणीतरी खांद्यावरचं पोतं टाकायचं.
तो आवाज.
वडिलांचा की दुसऱ्या कुणाचा, तेव्हाही कळायचं नाही.

मी पुन्हा मारली.
रेवी जिन्यावर येऊन थांबला होता.
तिसरी फळी पोकळ आहे, तो म्हणाला,
सगळं तिच्यातूनच वर येतंय.
ओंडक्याखाली जुन्या लोकरीचं पोतं सरकवलं.
आवाज मेला नाही, बसला.
इथे जो तो बसतोय तसाच,
जरा खरखरत.

मेणबत्त्या करणारा कॅलम मात्र टिकला नाही.
तीन महिन्यांचं भाडं थकलं,
चौथ्या महिन्यात किल्ली पाकिटातून
माझ्या दाराखाली सरकवलेली. चिठ्ठीबिठ्ठी नाही.
चार नंबरला अजून मधाचा वास येतो.
बघायला येणारे विचारतात, हे काय?
मी म्हणतो, खिडकी उत्तरेची आहे, उजेड चांगला.

मेलेआनेचं कापड पुरं झालं,
वीस हात लांब, काजळी-तपकिरी.
टांगायचं कुठे? कलम नववं.
तुळईला पोती ओढायचे जुने आकडे होते,
गंज खरवडला, त्यांनाच अडकवलं.
ट्रस्टचे लोक आले, म्हणाले,
वास्तूचा किती विचार केलाय!
आम्ही हो म्हणालो.

रात्री समुद्रावरून पेंग्विन येतात,
ओळीनं, ओलेचिंब, आमच्या जोत्याखाली शिरतात
आणि गाढवासारखे ओरडतात.
त्यांच्या भाड्याचा विषय बैठकीत निघाला होता,
हसण्यावारी गेला.

आणि एक सांगायचं राहिलं.
माझ्या खोलीतली किल्ल्यांची फळी
ज्या खिळ्यावर आहे, तो वडिलांनी ठोकलेला,
कोट टांगायला.
तपासनीस आला तेव्हा मी फळीसमोर
जरा आडवा उभा राहिलो,
आणि विचारलं, चहा घेणार?