बिलातली तिसरी ओळ

घरात रेडिएटर तीन. तिन्ही शून्यावर.
तरी झ्द्रावकाबाईंना दर महिन्याला बिल येतं,
आणि बिलातली तिसरी ओळ म्हणते:
इमारतीच्या पाइपांतून मिळालेली ऊब,
अकरा लेव, चाळीस स्तोतिंकी.

'मिळालेली,' त्या म्हणतात, 'मागितली होती का मी?'
आणि खुर्ची पाइपाच्या आणखी जवळ ओढतात.

पाइप स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात.
जमिनीतून येतो, छतातून जातो,
मनगटाएवढा जाड, सात मजले उंच.
बसवला त्या साली ऊब कुणाची
असं कुणी विचारत नव्हतं.
ऑक्टोबरात ती यायची, कुठून तरी, सरकारातून.
फार झाली की खिडकी उघडायची.
बाहेर हिम, आणि अख्ख्या ब्लॉकच्या खिडक्या सताड उघड्या!
मग मीटर आले, कंपनी आली.
खोल्या विकल्या, जिने विकले, गच्चीसुद्धा
मोबाइलच्या टॉवरला भाड्याने गेली.
हा पाइप तेवढा कुणाला वाटून घेता आला नाही.

मी सोफियाहून आलेली, वही घेऊन.
वहीत रकाने: उत्पन्न. खर्च.
मदत कुणाकडून. मदत कुणाला.
त्या सांगतात: पेन्शन.
मुलगी वालेन्सियाला, दुसऱ्याच्या बापाला आंघोळ घालते.
स्वतः एकवीस वर्षं बेअरिंगच्या कारखान्यात.
'छर्रे मोजायचे नसतात, तोलायचे.'
कारखान्याच्या पत्र्यांचेही आता छर्रे झाले असतील कुठेतरी,
हातातला तराजू मात्र शाबूत.
बाजारातली मिरच्यांची पिशवी उचलतात:
'चार किलो म्हणाला. दीडशे ग्रॅम मारले मेल्याने.'

तेव्हा बरं होतं, की आता?
'हा प्रश्न तुम्हाला कुणी दिला?'
एवढंच. मग भाजलेल्या मिरचीची साल
बोटांनी सोलत राहिल्या, बराच वेळ.

ऊब येते ती चौथ्या मजल्यामुळे.
या पाइपावर तिथलाच एक रेडिएटर चालू.
येफ्तिम गानेव, निवृत्त, एकटा.
त्र्याऐंशी साली त्याने एक कागद लिहिला:
म्लादेनने मटणाच्या रांगेत विनोद सांगितला,
अमुक तारखेला, तमुक जण हसले.
म्लादेन दोन वर्षं खाणीच्या गावी. परतला तो खोकला घेऊन.
फायली उघडल्या तेव्हा बाईंनी तो कागद वाचला.
'अक्षर सुरेख. शुद्धलेखनाची एक चूक नाही.
विनोद मात्र चुकीचा लिहिलाय. शेवटच घालवला.'

दर शरदात त्याच्या दाराशी
त्या मिरचीच्या चटणीची एक बरणी ठेवतात.
बेल वाजवत नाहीत.
बरणी परत येते, धुतलेली, आत मूठभर अक्रोड.
रिकामं भांडं परत पाठवू नये
एवढं त्यालाही कळतं.
ही भेट का? मी विचारलं. की माफी?
'भाडं,' त्या म्हणाल्या. 'कोपऱ्याचं.'

जानेवारीत पुन्हा गेले तर पाइप गार.
तळवा लावून पाहिला त्यांनी, मग हाताची पालथी बाजू,
तापातल्या पोराचं कपाळ बघावं तसा.
'बंद केलान त्याने. त्यालाही बिल येतंच की.'
कोट घालून आम्ही चहा प्यायलो.
कोट घालूनच त्यांनी मला गेल्या सालच्या पावत्या दाखवल्या.
वर कुणी खोकत होतं.
तो खोकला त्या ऐकत होत्या,
मी त्यांना ऐकताना पाहत होते.

मग त्या उठल्या
आणि स्वयंपाकघरातल्या रेडिएटरची चावी
शून्यावरून एकवर नेली.
'त्याच्यासाठी नाही,' मला म्हणाल्या.
'पाइप गोठला तर फुटेल. मग सात मजल्यांना भुर्दंड.'

आधी काहीच नाही.
मग कुठे तरी खाली पाणी गुडगुडलं,
चढलं, आमच्या भिंतीतून गेलं.

थोड्या वेळाने डोक्यावर, चौथ्या मजल्यावर,
खुर्ची ओढल्याचा आवाज आला. कोपऱ्याकडे.

'लिहू नका,' त्या म्हणाल्या.
मी लिहिलं:
मिरच्या, चार किलो. दीडशे ग्रॅम कमी.